गोळीचा उतार : सीताबर्डीपासून आजपर्यंत



कामगार चळवळीत केस पांढरे झालेल्या माणसाने बंदुकीच्या गोळीवर बोलावे, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. आम्हाला बंदूक चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्या हिशेबाने दूरचे निशाण गाठले जाते त्या हिशेबाचा इतिहास मात्र आम्ही रात्रीच्या वाचनालयात बसून वाचला, आणि वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की हा केवळ शिपायांचा किंवा खेळाडूंचा विषय नव्हे. मोजण्याची पट्टी कोणाच्या हाती असावी, हा जो आमच्या आयुष्यभराचा प्रश्न, तोच येथे दुसऱ्या रूपाने उभा आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. बंदुकीची गोळी सरळ जाते, असे आपण समजतो. ती सरळ जात नाही. नळीच्या तोंडातून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली पडू लागते. हातातून सुटलेला दगड ज्या गतीने खाली येतो, जवळजवळ त्याच गतीने ती पडत असते. ती पुढेही जोराने धावत असते म्हणून आपल्याला तिचे पडणे दिसत नाही, इतकेच. तेव्हा दूरच्या निशाणावर नेम धरायचा तर निशाणाच्या वर धरावा लागतो. किती वर, हाच सारा प्रश्न.

या गोष्टीचा अनुभव आपल्या शेतकऱ्याला केव्हापासूनच आहे. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभा राहून राखण करणारा पोरगा गोफण फिरवतो, तेव्हा तो दगड पाखरांच्या थव्याकडे सरळ फेकत नाही. लांबचा थवा असेल तर वर फेकतो. त्याला कोणी गणित शिवकलेले नसते, त्याच्या हाताला ते कळते. परंतु हाताला कळलेले ज्ञान त्या हाताबरोबरच राहते. ते दुसऱ्याला सांगता येत नाही, कागदावर मांडता येत नाही आणि नव्या अंतराला लावता येत नाही. हाताच्या ज्ञानाचे कागदावरच्या ज्ञानात रूपांतर झाले, तो इतिहास आज आपल्याला पाहावयाचा आहे.

त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सीताबर्डीच्या टेकडीखालून आपण रोज जातो-येतो. तेथे टेकड्या दोन आहेत, एक मोठी आणि तिच्या उत्तरेस एक लहान. दोहोंत अंतर सुमारे ३०० यार्डांचे. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनी सरकारची पलटण यांची येथे गाठ पडली. कंपनीकडे सैनिक दीड हजाराच्या आत, त्यांचा सेनापती लेफ्टनंट कर्नल स्कॉट. भोसल्यांची फौज कितीतरी पटीने मोठी, आणि तिच्यातील अरब शिपाई लढवय्ये म्हणून नावाजलेले. रात्रभर गोळीबार चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तेथे सापडलेली तोफ फिरवून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. पुढे कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात चाल केली, लहान टेकडीवर दारूचा स्फोट झाला, कंपनीच्या शिपायांनी ती परत घेतली आणि दुपारपर्यंत लढाईचा निकाल लागला. कंपनीचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेहून अधिक होते. त्यांतले बहुतेक मद्रासकडचे देशी शिपाई, हेही येथे सांगणे अगत्याचे आहे.

आता या लढाईकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहा. कंपनीच्या शिपायाच्या हाती होती चकमकीची बंदूक. तिची नळी आतून गुळगुळीत आणि गोळी शिशाची, वाटोळी. नळीच्या तोंडाशी एक लहानसा उंचवटा सोडला तर नेमासाठी तिच्यावर काहीही नव्हते. मागे पट्टी नाही, अंतराचे आकडे नाहीत. अशा बंदुकीची गोळी ३०० यार्ड जाईपर्यंत दहा-पंधरा फूट खाली उतरते. म्हणजे एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या माणसाच्या छातीवर नेम धरला तर गोळी त्याच्या पायाच्याही खूप खाली मातीत जायची. शिवाय वाटोळी गोळी डावी-उजवी भरकटायची ती वेगळीच. म्हणून त्या सकाळी लहान टेकडीवरील बंदुकांपेक्षा तेथल्या तोफेचा धाक अधिक होता. तोफेच्या बुडाखाली पाचर सारून तिचे तोंड किती उचलायचे, हा हिशेब गोलंदाज जाणत होता. साध्या शिपायाला तो हिशेब कोणी दिलेलाच नव्हता.

गोलंदाजांचा हा हिशेब कोठून आला? त्याचा आरंभ इटलीत होतो, आणि तो करणारा माणूस आमच्यासारख्यांना फार जवळचा वाटतो. निकोलो टार्टाग्लिया हा टपाल वाहणाऱ्या एका गरीब स्वाराचा मुलगा. १५१२ साली फ्रेंच फौजेने ब्रेशिया शहर लुटले, तेव्हा या लहान मुलाच्या जबड्यावर तलवारीचा वार बसला. तो वाचला, पण बोलताना अडखळू लागला. टार्टाग्लिया या शब्दाचा अर्थच तोतरा. शिक्षकाला द्यायला पैसे नव्हते म्हणून मुळाक्षरेसुद्धा अर्धीच शिकून झाली. पुढचे सारे तो स्वतःच शिकला. १५३१ साली एका गोलंदाजाने त्याला विचारले की तोफेचे तोंड किती उचलले असता गोळा सर्वांत दूर जाईल. त्याने उत्तर दिले, ४५ अंश. १५३७ मध्ये त्याने या विषयावर पुस्तक छापले. पुढे १६३८ मध्ये गॅलिलिओने दाखवून दिले की हवेचा अडथळा नसेल तर फेकलेली वस्तू एका ठराविक वक्र रेषेने जाते आणि तिचे पडणे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हा नियम फार सोपा आहे. सुटलेली वस्तू पाव सेकंदात १ फूट पडते, अर्ध्या सेकंदात ४ फूट आणि एका सेकंदात १६ फूट. काळ दुप्पट झाला की पडणे चौपट. तेव्हा गोळीला निशाणापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो एवढे कळले म्हणजे ती किती उतरेल हे कळते.

परंतु मध्ये हवा आहे, आणि हवेला लोक फार हलके समजत आले. तिचे खरे वजन दाखवले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. हा बाथ गावच्या एका शिंप्याचा मुलगा. १७४२ साली त्याने आपल्या ग्रंथात गोळीचा वेग मोजण्याची एक युक्ती मांडली. लाकडाचा जाड ठोकळा लोलकासारखा टांगायचा, त्यावर गोळी झाडायची आणि ठोकळा किती झुलला ते मोजायचे. त्यावरून गोळीचा वेग काढायचा. त्या काळच्या बंदुकीची गोळी सेकंदाला सुमारे १७०० फूट वेगाने निघते, असे त्याला आढळले. हवा नसती तर ४५ अंशांत झाडलेली ती गोळी १७ मैल गेली असती. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नाही. ही तफावत सारी हवेची करणी. १७४५ मध्ये ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले आणि त्याला स्वतःची टीका जोडली. या शिंप्याच्या मुलाचा अंत मात्र आपल्याच देशात झाला. कंपनीचे किल्ले बांधण्यासाठी तो मद्रास किनाऱ्यावर आला आणि १७५१ साली फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

आता पट्टीकडे येऊ. गोळी किती फूट उतरते हे कळले तरी बंदूक फुटाने उचलता येत नाही. ती कोनाने उचलावी लागते. आपले जुने ज्योतिषी कोनाची मापे अंश, कला आणि विकला अशी करीत. एका अंशाच्या ६० कला. नेमबाज ज्याला मिनिट म्हणतात ती हीच कला. १०० यार्डांवर एका कलेत एक इंचाहून किंचित जास्त अंतर सामावते. २०० यार्डांवर दोन इंच, ४०० यार्डांवर चार. समजा, ४०० यार्डांवर गोळी नेमाच्या २४ इंच खाली लागते आहे. चोवीसला चाराने भागा. नेम सहा कला वर हवा. याचे दोन मार्ग आहेत. एक, मागची पट्टी किंवा दुर्बिणीची चकती सहा कला फिरवायची आणि नेम निशाणाच्या मध्यावरच धरायचा. दुसरा, काहीच न फिरवता दुर्बिणीतील मधल्या फुलीऐवजी तिच्या खालची सहा कलांची खूण निशाणावर आणायची. त्याने नळीचे तोंड आपोआप तेवढे वर उचलले जाते. बाजारात तराजू धरणाऱ्या कोणालाही हे गणित जमेल.

दुर्बिणीत फुली धरून कोन वाचण्याची ही विद्या आपल्या भागातून एकदा मोठ्या थाटाने गेली आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायाची रेघ मोजून कर्नल लॅम्ब्टनने हिंदुस्थानच्या मोजणीस प्रारंभ केला. अर्ध्या टनाचे त्याचे कोनमापक यंत्र त्रिकोणामागून त्रिकोण मोजीत उत्तरेकडे सरकत राहिले. हैदराबादेहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाट येथे वारला आणि तेथेच त्याला पुरले. आपल्या झिरो माईलचा खांब त्याच मोजणी खात्याने १९०७ मध्ये उभारला. तेथील उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. फुटाचा हजारावा भाग नोंदणारे राज्य होते ते. ज्याला भूमी इतकी बारीक मोजता येते, त्याला ती ताब्यात ठेवणेही सोपे जाते.

आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. १८५३ हे साल नागपूरकरांना ठाऊक आहे. त्या वर्षी तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. त्याच सालच्या नमुन्याची एनफिल्ड रायफल इंग्रजांनी काढली. तिच्या नळीत आतून पेचदार खाचा होत्या, त्यामुळे लांबट गोळी फिरत जाई आणि भरकटत नसे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची होती ती तिच्या पाठीवरची पट्टी. लहान शिडीसारखी ती उभी करायची आणि तीवरची सरकती चौकट अंतराच्या आकड्यावर आणायची. ते आकडे ९०० यार्डांपर्यंत आणि पुढे त्याहूनही वर गेले. टार्टाग्लिया आणि रॉबिन्स यांनी चालवलेला हिशेब आता लोखंडावर कोरून साध्या शिपायाच्या हाती आला. शिपायाने अंतर ओळखायचे, आकडा लावायचा, बाकीचे काम पट्टी करी. १८५७ च्या आरंभी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे देशी शिपायांना ही रायफल शिकवण्याचे वर्ग निघाले. तिच्या काडतुसांना लावलेल्या चरबीच्या संशयावरून काय पेटले, ते सर्वांना ठाऊक आहे.

त्यानंतर काय झाले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. उठाव मोडल्यावर सरकारने देशी पलटणींसाठी एनफिल्डचाच एक निराळा नमुना काढला. बाहेरून पाहता ती तशीच बंदूक. पण नळीतल्या खाचा काढून टाकून ती पुन्हा गुळगुळीत केलेली, आणि पाठीवरची आकड्यांची शिडी जाऊन तेथे एक साधा, न हलणारा ठोकळा बसवलेला. म्हणजे शिपाई तोच, दारूही तशीच. पण दूरचा नेम धरण्याचा हिशेब त्याच्या हातून काढून घेतला. पुढेही गोऱ्या पलटणीला नवी बंदूक मिळाली की तिची जुनी देशी पलटणीकडे जाई. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य रयतेची बंदूकही परवान्याखाली आणली. सरकारला केवळ हत्याराची धास्ती नव्हती, हे त्या ठोकळ्यावरून दिसते. हत्यार तर शिपायाच्या हाती राहू दिले होते. धास्ती होती ती आकड्यांची.

हे वाचले तेव्हा आम्हाला एका गिरणीतले साचा खाते आठवले. तरुणपणी आम्ही तेथे बदली कामगार होतो. मजुरी कामाच्या मापावर होती, आणि धोटा किती वेळा फिरला हे दाखवणारा काटा प्रत्येक साच्याला लावलेला होता. एके दिवशी त्या काट्यांवर पत्र्याची झाकणे बसली आणि किल्ल्या कारकुनाकडे गेल्या. धूळ बसू नये म्हणून, असे कारण सांगण्यात आले. आमच्या शेजारच्या साच्यावर एक वयस्क काका होते, सही न येणारे. ते कोणाशी भांडले नाहीत. त्यांनी खडूने साच्याच्या चौकटीवर दर थानामागे एक रेघ ओढायला सुरुवात केली. महिनाअखेर त्यांनी आम्हाला जवळ बोलावले आणि म्हणाले, “बापू, तू शिकलेला आहेस, ह्या रेघा मोज अन् पगाराच्या चिठ्ठीशी ताडून पाह्य.” आम्ही मोजल्या. चिठ्ठीत तीन थाने कमी होती. पुढच्या महिन्यात सगळ्या खात्यात खडूच्या रेघा दिसू लागल्या. त्यानंतर झाकणे निघाली. आमच्या संघटनेतील कामाचा श्रीगणेशा त्या रेघांनी झाला. शिपायाच्या बंदुकीवरची शिडी आणि साच्यावरचा काटा यांत आम्हाला म्हणूनच फरक दिसत नाही.

हिशेबाच्या या इतिहासात श्रमाचा वाटाही लक्षात घेतला पाहिजे, कारण पुस्तकांत तो बहुधा शेवटी येतो किंवा येतच नाही. एकोणिसाव्या शतकात हवेच्या अडथळ्याचे कोष्टक तयार झाले आणि लांब पल्ल्याच्या माऱ्याचे तक्ते निघू लागले. १००० यार्डांवरची गोळी हवा न धरता मोजली तर जितकी उतरते, त्याच्या जवळपास दुप्पट प्रत्यक्षात उतरते. म्हणून हा हिशेब पावलापावलाने करावा लागे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हे काम तरुण स्त्रियांवर सोपवले होते. त्यांच्या हुद्द्याचे नावच ‘कॉम्प्युटर’, म्हणजे गणना करणारी. तोफगोळ्याच्या एका मार्गाचा हिशेब हाताच्या यंत्रावर करायला सुमारे २० तास लागत. हाच हिशेब झटपट व्हावा म्हणून एनिअॅक नावाचे यंत्र बांधले गेले. ते १९४६ साली जगापुढे आले आणि तोच हिशेब अर्ध्या मिनिटात करू लागले. त्याला काम कसे करायचे ते सांगणाऱ्या सहा स्त्रिया होत्या. त्यांची नावे पुढे कित्येक वर्षे कोणी घेतली नाहीत. आज प्रत्येकाच्या खिशात जे गणकयंत्र आहे, त्याच्या पूर्वजांपैकी एकाचा जन्म गोळ्याचा उतार मोजण्यासाठी झाला, हे आपण विसरू नये.

दुसरा श्रम काडतूस करणाऱ्याचा. तक्ता कितीही अचूक असो, दोन काडतुसांतल्या दारूचे वजन सारखे नसेल तर दोन गोळ्या एका जागी लागणार नाहीत. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. आपल्या अंबाझरीचा आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरचा १९६० च्या दशकातला. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. निशाणावर लागलेली गोळी सर्वांना दिसते. तिच्यातली दारू जोखमीने सिद्ध करणारे हात कोणाला दिसत नाहीत.

शेवटी, हे ज्ञान आज कोठे आले आहे ते पाहू. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. हा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा, आणि त्या वेळी मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. या खेळात दुर्बीणही नसते. बारीक छिद्रातून पाहून नेम धरावा लागतो. ५० मीटरांवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचे, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढे. आणि तेवढ्या अंतरात गोळी बारा सेंटिमीटरांच्या आसपास उतरते. म्हणजे वर्तुळाच्या अकरा-बारा पट. सारा उतार आधीच हिशेबात धरून पट्टी लावलेली नसेल तर दैवी हातसुद्धा तेथे उपयोगी पडणार नाही.

हा हिशेब एकदा करून संपतही नाही. आपल्या नागपुराचेच पाहा. पौषातल्या पहाटे पारा दहावर असतो आणि वैशाखात पंचेचाळिसावर. उन्हाळ्यात हवा सुमारे दशांशाने विरळ होते, अडथळा कमी होतो. दारूही तापून अधिक जोराने जळते. म्हणून हिवाळ्यात बसवलेल्या पट्टीवर दूरच्या निशाणाला उन्हाळ्यात गोळी वर लागते. त्यात तापलेल्या जमिनीवरचे मृगजळ निशाणच हलते आहे असे भासवते. शहाणा नेमबाज म्हणून वही ठेवतो. तारीख, अंतर, ऊन, वारा, लावलेला आकडा आणि गोळी कोठे लागली, हे सारे तो दर वेळी लिहितो. पुस्तकातला तक्ता आरंभापुरता; पुढचा तक्ता ज्याचा त्याने स्वतःच्या नोंदींनी करायचा असतो.

सीताबर्डीवर दोन्ही बाजूंना जे शिपाई पडले, त्यांच्यापैकी किती जणांना आपली गोळी कोठे जाते हे ठाऊक होते? पुढच्या पिढीला ते कळण्याची सोय झाली आणि लगेच ती काढून घेतली गेली. आज तो तक्ता कोणालाही मिळतो, तो समजायला शाळेतली वर्गाची बेरीज-वजाबाकी पुरते, आणि रेल्वेतला एक तिकीट तपासनीस त्याच्या बळावर जगात तिसरा येतो. हा बदल आमच्या मते लहान नाही. येथे बसलेल्या तरुणांना आमचे एवढेच सांगणे आहे की, आपल्या धंद्यात जो काटा आपल्या कामाचे माप घेतो, तो वाचायला शिका. आणि कोणी त्यावर झाकण बसवले तर निदान खडूचा तुकडा जवळ ठेवा.